गाळ काढण्याचा खर्च आणि गाळ थांबवण्याचा खर्च : सुखोमाजरीचा धडा

चंदीगडला जाणारा पाहुणा एक संध्याकाळ सुखना तलावाच्या काठी घालवतोच. शिवालिक टेकड्यांतून उतरणाऱ्या सुखना चो या पावसाळी ओढ्यावर १९५८ मध्ये बांध घालून हा तलाव तयार करण्यात आला. ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या या नव्या नगराला पाण्याचा विसावा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. पण तलाव भरू लागला तो पाण्याबरोबर गाळानेही. शिवालिकचे खडक ठिसूळ, उतार तीव्र, वार्षिक पाऊस सुमारे १,१०० मिलिमीटर आणि त्यातील बहुतांश पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत कोसळणारा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तलावाच्या साठवण क्षमतेचा फार मोठा भाग गाळाने गिळला होता.

गाळ साचला की तो काढायचा, हा सर्वांना सुचणारा उपाय. त्यासाठी यंत्रे लागतात, मजूर लागतात आणि दरवर्षी तरतूद लागते. पैसा खर्च होतो, गाळ निघतो आणि पुढच्या पावसात नवा गाळ येतो. त्याच काळात याच तलावाच्या निमित्ताने झालेल्या दुसऱ्या, तुलनेने अगदी छोट्या सरकारी खर्चातून मात्र एक नवी कल्पना जन्माला आली आणि ती देशभर पोहोचली. शासनाने कृषी क्षेत्रात किती खर्च करावा याची चर्चा आपण नेहमी करतो. कोणत्या खर्चातून नवे काही निपजते आणि कोणत्या खर्चातून जुनेच घट्ट होते, याची चर्चा क्वचितच होते. सुखना तलाव आणि त्याच्या पाणलोटातील सुखोमाजरी हे गाव यांची कथा त्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

गाळ कोठून येतो?

शिवालिकमधील धूप हा जुनाच प्रश्न. तेथील पावसाळी ओढ्यांना 'चो' म्हणतात. होशियारपूर परिसरात या ओढ्यांनी वाळू आणून हजारो एकर सुपीक जमीन गाडली. म्हणून ब्रिटिश सरकारने १९०० मध्ये पंजाब भू-संरक्षण कायदा केला. टेकड्यांवरील चराई आणि वृक्षतोड यांवर त्याने निर्बंध आणले. कायदा होता, वनरक्षक होते, दंडही होता. तरीही टेकड्या उघड्याच होत गेल्या. कारण साधे होते. टेकडीखालच्या गावाला शेळ्या आणि सरपण यांशिवाय जगण्याचे दुसरे साधन नव्हते.

स्वातंत्र्यानंतर, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, चंदीगड येथे मृद्संधारण संशोधनाचे केंद्र उभे राहिले. पुढे ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली आणि डेहराडून येथील केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन संस्थेच्या रचनेत आले. कोणत्या उतारावरून किती पाणी वाहते, किती माती जाते, कोणते गवत माती धरून ठेवते, मातीचा बांध कोठे टिकतो आणि कोठे फुटतो, हे मोजण्यात या केंद्राची अनेक वर्षे गेली. या नोंदींना त्या वेळी कोणी नवोपक्रम म्हटले नसते. वर्तमानपत्रात छापण्याजोगे त्यात काही नव्हते.

सत्तरच्या दशकात सुखना तलावाचा प्रश्न या केंद्राकडे आला. केंद्राचे प्रमुख पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढत पाणलोटात वर चढले. सगळी टेकडी सारखीच दोषी नव्हती. गाळाचा फार मोठा वाटा तुलनेने लहान, पण पूर्णपणे उघड्या पडलेल्या क्षेत्रातून येत होता आणि त्या क्षेत्रात सुखोमाजरी हे छोटे गाव वसलेले होते. आज ते हरियाणातील पंचकुला जिल्ह्यात आहे. वीस वर्षांची मोजमापे हाताशी होती, म्हणूनच सगळीकडे थोडे थोडे काम करण्याऐवजी नेमके कोठे काम करायचे हे ठरवता आले.

पाण्याचा वाटा प्रत्येक घराला

केंद्राने प्रथम आपल्या शास्त्राप्रमाणे काम केले. घळी बुजवल्या, झाडे लावली, ताली घातल्या. गावकऱ्यांना सांगितले की टेकडीवर जनावरे नेऊ नका. गावाने ऐकून घेतले आणि जनावरे नेली. तलाव चंदीगडकरांचा, गाळाची चिंता चंदीगडकरांची. गावाने आपल्या शेळ्या का आवराव्यात?

१९७६ मध्ये घळीतील धूप रोखण्यासाठी मातीचा पहिला बांध घातला गेला. त्यात पाणी साठले आणि पावसाने दगा दिल्यावर त्या पाण्याने खालच्या शेतांतील गव्हाचे पीक वाचवले. तेव्हा गावाचा प्रश्न आणि तलावाचा प्रश्न हे एकाच दोरीचे दोन पदर आहेत, हे दोन्ही बाजूंच्या लक्षात आले. टेकडी राखली तर बांधात गाळ येणार नाही. बांधात गाळ आला नाही तर शेताला पाणी मिळेल. आणि गावाचा बांध गाळमुक्त राहिला तर सुखना तलावही वाचेल.

मात्र येथेच खरी अडचण उभी राहिली. बांधाचे पाणी ज्यांची शेते खाली होती त्यांनाच मिळणार होते. ज्यांची शेते पाण्याच्या कक्षेबाहेर होती त्यांनी आणि भूमिहीनांनी टेकडी का राखावी? त्यांची जनावरे तर टेकडीवरच जगत होती. संशोधक आणि गावकरी यांच्या चर्चेतून तोडगा निघाला तो असा : पाण्यावर हक्क जमिनीचा नव्हे, घराचा. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा सारखा वाटा. ज्याला शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा किंवा त्याच्या बदल्यात पिकात हिस्सा घ्यावा. मोबदल्यात प्रत्येक कुटुंबाने टेकडीवरची मोकाट चराई थांबवावी. यालाच पुढे 'सामाजिक कुंपण' हे नाव मिळाले. तारेचे कुंपण नाही, पहारेकरी नाही. प्रत्येक घराचा स्वार्थ हाच राखणदार.

व्यवहार पाहण्यासाठी गावाची संस्था स्थापन झाली. तीच पुढे हिल रिसोर्स मॅनेजमेंट सोसायटी म्हणून ओळखली गेली. फोर्ड फाउंडेशनचेही साह्य मिळाले. टेकडीवरचे भाबर गवत वनविभाग पूर्वी ठेकेदाराला देत असे. कागद कारखान्यांना ते लागते. आता ते गावसंस्थेला मिळू लागले. १९८५ पर्यंत आणखी बांध झाले. शेळ्या कमी होऊन म्हशी वाढल्या आणि गावातून दूध बाहेर जाऊ लागले. १९७६ मध्ये टेकडीवर हेक्टरी १३ झाडे होती. १९९२ मध्ये ती १,२७२ झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नात दोन ते तीन हजार रुपयांची भर पडल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. आजच्या दृष्टीने ही रक्कम लहान वाटेल; त्या काळच्या शिवालिकमधील गरीब घराला ती लहान नव्हती.

या प्रयोगात मातीचा बांध नवीन नव्हता, गवतही नवीन नव्हते. नवीन होती ती हक्काची मांडणी. नवोपक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नवे वाण, नवे यंत्र किंवा नवे कीटकनाशक येते. नियमांची नवी मांडणी हाही तितक्याच तोलाचा शोध असतो, हे सुखोमाजरीने दाखवले.

त्याच काळातील पुरंदर

महाराष्ट्रातील वाचकाला या कथेत ओळखीचा सूर ऐकू येईल. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे काम सुरू केले. व्यवसायाने ते अभियंता व उद्योजक. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियमही हाच होता : पाण्याचा हक्क जमिनीला नव्हे, माणसाला. वाटप कुटुंबातील माणशी; भूमिहीनालाही वाटा; सामूहिक पाण्यावर ऊस नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा.

दुष्काळी पुरंदर आणि धुपलेले शिवालिक यांत सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर. एका ठिकाणी सरकारी संशोधन केंद्र, दुसऱ्या ठिकाणी एका नागरिकाची संस्था. तरीही दोघे एकाच निष्कर्षाला आले, कारण दोन्हीकडे काम करणाऱ्यांना ठरावीक उद्दिष्ट पूर्ण करून परत जायचे नव्हते. पहिला उपाय फसला तेव्हा दुसरा करून पाहण्याची मुभा आणि वेळ त्यांच्याकडे होता. नवोपक्रमाला पैसा लागतोच, पण त्याहून अधिक लागते ती चुकण्याची सवड. उद्दिष्टाच्या तक्त्यात बांधलेला निधी ही सवड देत नाही.

या दोन्ही प्रयोगांचा वारसा पुढील धोरणांत उतरला. वनसंरक्षणात गावांना सहभागी करून घेण्याचे केंद्र सरकारचे परिपत्रक १ जून १९९० रोजी निघाले. त्यामागे पश्चिम बंगालमधील अराबारी आणि हरियाणातील सुखोमाजरी यांचे अनुभव होते. हनुमंत राव समितीच्या शिफारशींवर आधारित पाणलोट विकासाची मार्गदर्शक तत्त्वे १९९५ पासून लागू झाली आणि त्यांत गावसंस्थेला मध्यवर्ती स्थान मिळाले. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार आणि आदर्श गाव योजना यांतून महाराष्ट्राने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांची स्वतःची परंपरा घडवली.

किडीच्या बाबतीतही हेच

कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला या कथेत आपल्या शेतांतील एक नेहमीचा प्रसंग दिसतो. किडीचा उद्रेक हा पिकातील गाळच आहे. तो आला की तो काढण्यासाठी फवारणी, अनुदानित औषधे आणि शेवटी नुकसानभरपाई, असा खर्च होतो. भरपाई द्यावीच लागते. संकटातील शेतकऱ्याचा तो हक्क आहे. पण भरपाईचा रुपया पुढच्या उद्रेकाबद्दल काहीही शिकवत नाही.

२००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा म्हणजे स्पोडोप्टेराचा आणि इतर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर राज्य शासनाने भरपाईपुरते न थांबता वेगळा खर्च केला. २००९-१० पासून पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला. कृषी विभाग, चारही कृषी विद्यापीठे आणि राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र यांनी मिळून तो उभा केला. कीड सर्वेक्षकांनी ठरलेल्या आणि यादृच्छिक निवडलेल्या शेतांत जाऊन अळ्या मोजायच्या, नोंद संगणकावर भरायची, विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ती पाहायची आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीकडे सरकत असेल तेथे शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला पाठवायचा. यात नवे रसायन नव्हते. नवे होते ते मोजण्याचे आणि वेळेत सांगण्याचे जाळे.

उत्तरेतही असेच घडले. २०१५ मध्ये पंजाब आणि हरियाणातील कपाशीवर पांढऱ्या माशीचा भयंकर उद्रेक झाला. अनेक शेतकऱ्यांनी वारंवार फवारण्या करूनही पीक हातचे गेले आणि शासनाला मोठी भरपाई द्यावी लागली. पुढील हंगामांत लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागांनी वेळेवर पेरणी, बांधावरील तणांचा नायनाट, शिफारशीत वाण आणि गावोगावचे सर्वेक्षण यांवर भर दिला. पांढरी माशी आटोक्यात राहिली. मात्र पुढे गुलाबी बोंडअळीने उत्तरेतही डोके वर काढले. २०१७ मध्ये विदर्भाने या अळीचा तडाखा अनुभवला होता. सर्वेक्षण ही एकदा बांधून संपणारी इमारत नाही. ती दर हंगामात चालू ठेवण्याची यंत्रणा आहे, हाच याचा अर्थ.

जुन्या वाटेला टेकू देणारा खर्च

सगळाच सरकारी खर्च नवोपक्रमाला पोषक असतो असे मात्र नाही. चंदीगड ज्या पंजाबची राजधानी आहे, त्याचेच उदाहरण घ्यावे. साठच्या दशकात कृषी विद्यापीठ, कालवे, बाजार समित्या, रस्ते आणि हमीभावाने खरेदी यांवर झालेल्या खर्चाने बुटक्या गव्हाच्या वाणांना शेतात जागा मिळवून दिली. नव्या वाणाचा धोका पत्करणाऱ्या शेतकऱ्याला बाजाराची शाश्वती होती, म्हणून तो पुढे सरसावला. त्या वेळी शासनाचा पैसा नव्या वाटेला आधार देत होता.

पुढे तोच पैसा जुन्या वाटेचे कुंपण बनला. १९९७ पासून शेतीला मोफत वीज आणि भाताला हमखास खरेदी यांमुळे भात-गव्हाच्या चक्राबाहेर पडणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले. भूजल खाली जात राहिले. अखेर २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी ठरावीक तारखेपूर्वी करण्यास मनाई करावी लागली. मका, कडधान्ये किंवा पाणी वाचवणाऱ्या पद्धती यांवर संशोधन होत होते. पण ज्या बाजूला अनुदान त्या बाजूलाच शेत झुकणार. २०१८ मध्ये पंजाबने काही भागांत वाचवलेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला पैसे देण्याची योजना आणली. तेवढीच रक्कम बचतीच्या बाजूने वळवली की वागणूक बदलू शकते, या विचारावर ती आधारलेली आहे.

आपला देश संशोधन व विकासावर एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो (२०२०-२१). त्यात खासगी क्षेत्राचा वाटा निम्म्याहून कमी आहे. म्हणजे आपल्याकडे नवोपक्रमाचा मुख्य भार सरकारी तिजोरीवरच आहे. शेतीत तर अधिकच. कारण पाणलोटाचे मोजमाप, किडींचे सर्वेक्षण किंवा कमी पाण्याच्या वाणाची दीर्घ चाचणी यांतून कोणत्याही कंपनीला विकता येईल असा माल लगेच तयार होत नाही. हा खर्च शासनाने केला नाही तर तो होतच नाही.

सुखोमाजरीची दुसरी बाजू

ही कथा येथेच संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. टेकडीवरील गवत आणि झाडे यांपासून गावसंस्थेला उत्पन्न मिळू लागल्यावर शासनाचे लक्ष त्याकडे गेले. आपण हिरव्या केलेल्या टेकडीच्या उत्पन्नावर आयकर आकारला गेलेले हे देशातील पहिले गाव ठरले. गवताच्या ठेक्याच्या अटी आणि वनविभागाचा हिस्सा यांवरूनही ओढाताण झाली. गावसंस्थेच्या हाती कमी पैसा उरू लागला, तशी देखभाल मागे पडली. काही बांधांत गाळ साचला. ज्यांना पाण्याचा लाभ उरला नाही त्यांना टेकडी राखण्याचे कारणही उरले नाही. एकेकाळी देशभरातून अभ्यासगट जेथे येत, तेथील उत्साह ओसरत गेला.

सुखना तलाव मात्र या काळात लाभार्थीच राहिला. पाणलोट राखल्याने तलावात येणाऱ्या गाळाचे प्रमाण फार मोठ्या अंशाने घटले आणि गाळ काढण्याचा कितीतरी खर्च वाचला. तो वाचलेला पैसा टेकडीवरच्या गावाकडे कधी नियमाने वळला नाही. वरच्या गावाने राखावे, खालच्या शहराने उपभोगावे आणि हिशेब मात्र कोणी मांडू नये, ही विसंगती आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गावांनाही परिचित आहे.

आपल्या गावात काय पाहावे?

विस्तार कार्यकर्त्याला निधीचे धोरण ठरवता येत नाही, हे खरे. परंतु गावात आलेला निधी कसा वळतो, यावर त्याची आणि प्रगतिशील शेतकऱ्याची छाप निश्चित पडते. सुखोमाजरीच्या अनुभवातून काही प्रश्न सोबत ठेवता येतील.

कोणत्याही कामाचा आराखडा करताना प्रथम विचारावे की हा खर्च गाळ काढणारा आहे की गाळ थांबवणारा. दोन्ही लागतात, पण दुसऱ्यासाठी एक पैसाही नसेल तर पहिला कधीच संपणार नाही. शेततळे असो, पाणलोट असो वा कीड नियंत्रण, मोजणीसाठी थोडी तरतूद ठेवावी : विहिरीतील पाण्याची पातळी, सापळ्यातील पतंगांची संख्या, ओढ्यातून वाहून येणारा गाळ. हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची सवय लावून घेतली, म्हणून पीकनियोजनाचा निर्णय ग्रामसभेत घेता आला. नोंदवही हे सर्वांत स्वस्त संशोधन आहे.

दुसरा प्रश्न लाभाचा. ज्या घराला लाभ नाही त्या घराला नियम पाळण्याचे कारण नाही. कामगंध सापळे लावणे, फरदड न घेणे, कपाशीची पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर काढणे ही कामे गावातील प्रत्येकाने केली तरच उपयोगी पडतात. पऱ्हाटी ठेवणाऱ्या शेतकऱ्यावर रागावण्यापूर्वी त्याची अडचण विचारावी. बहुधा जळणाचा किंवा यंत्राच्या भाड्याचा प्रश्न निघतो आणि तो गटाने सोडवता येतो.

तिसरा प्रश्न देखभालीचा. प्रकल्प संपल्यानंतर बांधाच्या सांडव्याची दुरुस्ती कोण करणार, सर्वेक्षणाची नोंद कोण ठेवणार आणि त्याचा पैसा कोठून येणार, हे पहिल्याच सभेत ठरावे. कामातून उत्पन्न निघणार असेल तर त्यातील ठरलेला वाटा गावसंस्थेकडेच राहील, याचा ठराव लेखी असावा. सुखोमाजरीत कल्पना चुकली नाही. हा हिशेब पक्का राहिला नाही.

सुखना तलावावर आजही गर्दी असते. त्या पाण्याकडे पाहताना पलीकडच्या टेकड्या दिसतात आणि त्या हिरव्या आहेत. ती हिरवळ केवळ तरतुदीच्या रकमेतून आलेली नाही. ती वीस वर्षे मुकाट्याने माती मोजणाऱ्या संशोधकांमुळे आणि पाण्याच्या वाट्याच्या बदल्यात आपल्या शेळ्या आवरणाऱ्या गावामुळे आली. पुढचा निधी येईल तेव्हा मोजणाऱ्यासाठी आणि राखणाऱ्यासाठी त्यात काय ठेवले आहे, हे आपण आधी पाहावे.